आकडा दहा हजारांचा, खोली चारशेचीही नव्हे

उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे, उनपदेव, उनकेश्वर. मराठी मुलुखातील गावांची आणि तीर्थांची ही नावे एका ओळीत मांडली की एक गोष्ट सहज ध्यानात येते. ‘ऊन’ हा शब्द आज आपण बहुधा सूर्याच्या तापापुरता वापरतो. पण ‘ऊन पाणी’, ‘ऊन ऊन भात’ म्हणताना त्याचा ‘उष्ण’ हा मूळ अर्थ अजून जिवंत असतो. जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या ऊन पाण्याची साक्ष या नावांत उरली आहे. कोकणात उत्तरेस वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून दक्षिणेस राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत अशा कुंडांची माळच लागलेली आहे. मराठी माणूस जेथे जेथे जाऊन स्थिरावला त्या प्रदेशांतही ती तुटत नाही. वडोदऱ्याच्या लोकांना गोध्र्याजवळचे तुवा ठाऊक असते. मध्य प्रदेशातील मंडळींना सातपुड्यातील अनहोनी. आणि हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यात उतरणाऱ्यास मणुगुरूची कोळशाची खाण, जिच्या परिसरात कोळशाच्या शोधासाठी पाडलेल्या विंधनविहिरीतून गरम पाणी वर आले.

भूमीतील या उष्णतेपासून वीज करता येते, हे नवे ज्ञान नव्हे. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेवर पाच दिवे लावून दाखविण्यात आले आणि १९१३ मध्ये त्याच ठिकाणी २५० किलोवॅटचे वीजकेंद्र सुरू झाले. मग भारतात भूऔष्णिक वीज का नाही, असा प्रश्न कोणी विचारला की उत्तरादाखल एक आकडा पुढे केला जातो: १०,६०० मेगावॅट. ‘भारताची भूऔष्णिक क्षमता १०,६०० मेगावॅट आहे’ हे वाक्य सरकारी टिपणांत, वृत्तपत्रांतील लेखांत, परिसंवादांच्या भाषणांत आणि महाविद्यालयीन प्रकल्पांत गेली कित्येक वर्षे जसेच्या तसे फिरत आहे. माझे म्हणणे असे की, या आकड्याने या विषयाचे हित केलेले नाही, अहितच केले आहे. जे काम करावयाचे होते त्याची जागा या आकड्याने घेतली.

प्रथम हा आकडा कोणत्या जातीचा आहे ते पाहू. देशभरातील सुमारे ३४० गरम झऱ्यांचे सर्वेक्षण, त्यांच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण, त्यावरून बांधलेला खोलीवरील तापमानाचा अदमास आणि काही थोड्या, उथळ विंधनविहिरी या सामग्रीवर तो उभा आहे. सर्वेक्षणाचे हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. १९६६ मध्ये केंद्र सरकारने गरम झऱ्यांसाठी समिती नेमली, १९६८ मध्ये तिचा अहवाल आला, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी पुढे डोंगरदऱ्या तुडवून जी माहिती जमविली ती १९९१ मध्ये नकाशासंग्रहाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. पण झरा हा जमिनीखालच्या उष्णतेचा केवळ निरोप असतो. खाली किती पाणी आहे, ते कोणत्या भेगांतून खेळते, दर तासाला किती टन वर येईल आणि किती वर्षे येत राहील, या प्रश्नांची उत्तरे निरोपावरून मिळत नाहीत. ती खोल वेध घेतल्यावाचून मिळतच नाहीत. वेध घेण्यापूर्वीचा आकडा हा अंदाज असतो. त्याला ‘क्षमता’ म्हणणे हा भाषेचा अपराध आहे, आणि वाङ्मयाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे तर आधी त्याच अपराधाकडे बोट दाखविले पाहिजे.

आता वेध किती खोल घेतला ते पाहावे. लडाखमधील पुगा हे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे उकळते झरे आहेत, टाकणखार आहे, गंधक आहे. भारतातील सर्वांत आशादायक भूऔष्णिक क्षेत्र म्हणून तज्ज्ञ एकमुखाने त्याचेच नाव घेतात. १९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास तेथे वेधनास हात घातला गेला आणि पुढील काळात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तेथे ३४ विंधनविहिरी पाडल्या. त्यांत १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मिळाले. त्या सर्वांत खोल विहिरीची खोली होती सुमारे ३८५ मीटर. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विद्युत्-चुंबकीय पद्धतीने खोऱ्याच्या पोटात डोकावून पाहिले, तेव्हा तप्त द्रवाचे लक्षण मानली जाणारी सुवाहक पट्टी साधारण दोन किलोमीटर खोलीवर असल्याचे दिसले. म्हणजे ज्याचा शोध घ्यावयाचा ते दोन किलोमीटरांवर आणि आपला हात पोहोचला जेमतेम तीनशे पंच्याऐंशी मीटरांपर्यंत. यानंतर मधली चार दशके सरली. छत्तीसगडमधील तातापानी हे दुसरे आशास्थान. तेथील विहिरीही किलोमीटरभर खोल गेल्या नाहीत.

हे तंत्राचे दारिद्र्य होते, असे कोणी म्हणू नये. १९७४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे त्याच तेलसंकटाच्या सावटात, याच देशाच्या ‘सागरसम्राट’ नावेने मुंबईच्या समुद्रात, तळाखाली किलोमीटरहून अधिक खोल जाऊन तेल शोधले. गुजरातेत खंबात आणि अंकलेश्वरच्या तेलविहिरी त्याआधीपासून चालू होत्या. अगदी अलीकडे, २०१७ मध्ये, कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विंधनविहीर पूर्ण झाली. तिचा हेतू विजेचा नव्हता, तेथला खडकही या कामी फारसा तापलेला नाही. पण बसाल्टाचे थर फोडून तीन किलोमीटर खाली जाणे आपल्याला जमते, हे तिने सिद्ध केले. तेव्हा यंत्रे होती, माणसे होती, कौशल्यही होते. नव्हती ती एकच गोष्ट: विहीर कोरडी निघण्याची तयारी.

येथे या प्रश्नाच्या मुळाशी जावे लागते. भूऔष्णिक विजेचे अर्थकारण इतर विजेहून निराळे आहे. कोळशाच्या केंद्राला कोळसा जन्मभर विकत घ्यावा लागतो. सौर पट्ट्यांचा खर्च मांडण्यापूर्वीच हिशेबात धरता येतो, कारण ऊन किती पडेल ते ठाऊक असते. भूऔष्णिक केंद्राचे इंधन फुकट असते, ते रात्री असते, पावसाळ्यातही असते. पण ते आहे की नाही हे समजण्यासाठी आधी कोट्यवधी रुपये जमिनीत घालावे लागतात आणि ते परत येतीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. जोखमीचा सगळा भार पहिल्या चार-दोन विहिरींवर असतो. सावकार त्या वेळी फिरकत नाही. वाफ दिसली की मग तो दार ठोठावतो. तेलाच्या शोधात आपण हे तत्त्व कधीच मान्य केले आहे. तेथे कोरडी विहीर म्हणजे शोधाचा रीतसर खर्च मानला जातो, त्याबद्दल कोणा अभियंत्याची चौकशी लागत नाही. भूमीच्या उष्णतेच्या बाबतीत मात्र पहिल्याच विहिरीने यश द्यावे, अन्यथा नस्ती बंद करावी, असा आपला शिरस्ता.

केनियाचे उदाहरण म्हणूनच डोळ्यांपुढे ठेवावेसे वाटते. हा काही धनाढ्य देश नव्हे. तेथील ओल्कारिया या रिफ्ट खोऱ्यातील क्षेत्रात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन विहिरी सुमारे एक किलोमीटर खोल नेल्या गेल्या आणि उपयोगी वाफ काही मिळाली नाही. आपल्याकडे ही कथा येथेच संपली असती. तेथे १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने पुन्हा वेधन सुरू झाले आणि १९८१ मध्ये १५ मेगावॅटचा पहिला संच चालू झाला. १९८५ पर्यंत तीन संच झाले. पुढे वाढ रेंगाळली. पण १९९९-२००० च्या अवर्षणाने जलविद्युत केंद्रे कोरडी पडून वीजकपात सोसावी लागली, तेव्हा पावसावर न विसंबणाऱ्या विजेची किंमत त्या देशाला कळली. २००८ मध्ये सरकारने भूऔष्णिक विकासासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. तिचे काम एकच: सरकारच्या जोखमीवर विहिरी पाडावयाच्या, वाफ सिद्ध करावयाची आणि मग ती वीज करणाऱ्यांना विकावयाची. आज केनियाची स्थापित भूऔष्णिक क्षमता नऊशे मेगावॅटहून अधिक आहे आणि देशाच्या एकूण विजेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वीज जमिनीखालून येते. तेथील विहिरी दोन-तीन किलोमीटर खोल जातात. फिलिपीन्सनेही तेलसंकटानंतर सरकारी कंपनीच्या बळावर हाच मार्ग धरला आणि १९७९ मध्येच तिवी येथे व्यापारी प्रमाणावर वीज काढली.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: केनियाखाली ज्वालामुखीचे खोरे आहे, फिलिपीन्स तर ज्वालामुखींचीच बेटे, भारताचे भूशास्त्र तसे नाही. आक्षेप खरा आहे. कोकणच्या झऱ्यांचे पाणी फार तर सत्तर अंशांच्या आसपास जाते. त्यावर ओल्कारियासारखी टर्बाइने फिरणार नाहीत. पण हाच आक्षेप घेणारी मंडळी दुसऱ्या श्वासात १०,६०० मेगावॅटचा मंत्र म्हणतात, तेव्हा मौज वाटते. भूशास्त्र प्रतिकूल असेल तर तो आकडा खोडावा; आकडा खरा असेल तर विहिरी पाडाव्यात. दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवण्यात एकच सोय आहे, ती म्हणजे काहीच न करण्याची.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सौर वीज इतकी स्वस्त झाली आहे की २०२० मध्ये गुजरातेतील एका लिलावात दर युनिटला दोन रुपयांच्याही खाली गेला; मग जमिनीत पैसा कशाला पुरावा? या आक्षेपाला मी अर्धी मान तुकवितो. देशाची स्थापित वीजक्षमता आज चार लाख मेगावॅटहून बरीच पुढे गेली आहे. १०,६०० मेगावॅटचा आकडा अक्षरशः खरा ठरला तरी तो त्या मानाने दोन-अडीच टक्क्यांच्या घरातला. भारताचा ऊर्जाप्रश्न झऱ्यांच्या पाण्याने सुटेल असे सांगणारा एक तर भाबडा असतो, नाही तर काही तरी विकावयास निघालेला असतो. पण ऊर्जेचा प्रश्न म्हणजे साऱ्या देशाची एक बेरीज नव्हे. तो गावोगावचा निरनिराळा प्रश्न आहे. लडाखात हिवाळ्यात पारा उणे वीस-तीसवर उतरतो. तेथे माणसाला आधी हवी असते ती ऊब, आणि ती रात्री हवी असते. ती आजवर डिझेल, रॉकेल, लाकूड आणि शेणी जाळून मिळविली गेली. पायाखाली उकळते पाणी असताना घरे, शाळा, दवाखाने आणि भाजीपाल्याची पारदर्शक घरे त्यावर ऊबदार ठेवणे, हा विजेचा नव्हे तर उष्णतेचाच सरळ उपयोग आहे.

विजेच्या मोहाने आपण हाच सरळ उपयोग दृष्टीआड केला. निसर्गाचा नियम असा की, उष्णता जितकी मंद तितका तिचा विजेत रूपांतरित होणारा हिस्सा लहान. सत्तर-ऐंशी अंशांच्या पाण्यापासून, कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव वापरून वीज काढता येते. मणुगुरूजवळ सिंगरेणी कंपनीने उभारलेला २० किलोवॅटचा प्रायोगिक संच त्याच जातीचा. पण अशा संचात उष्णतेचा दहावा हिस्साही धड विजेत उतरत नाही. तेच पाणी आंबा-फणसाचे साठे, कोकम, मासळी किंवा काजू वाळविण्यासाठी वापरले तर उष्णतेचा बराच मोठा भाग कामी येतो. कोकणात मेगावॅट शोधत बसण्यापेक्षा वाळवणाच्या आणि शीतगृहांच्या योजना आखाव्यात, हे सांगावयास कोणा परदेशी सल्लागाराची गरज नाही. परंतु मेगावॅटला उद्घाटन असते, वाळवणाच्या भट्टीला नसते.

आता या बाजूच्या उत्साही मंडळींनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. ‘स्वच्छ ऊर्जा’ हे विशेषण त्यांनी अंगरख्यासारखे वापरू नये. खोल जमिनीतून येणाऱ्या पाण्यात आर्सेनिक, बोरॉन, गंधकयुक्त वायू असू शकतात. ते पाणी वापरून झाल्यावर पुन्हा त्याच खोलीवर परत घातले नाही तर ओढे नासतात. पुग्याचे ताजे उदाहरण समोर आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत ओएनजीसीच्या ऊर्जाकेंद्राने लडाखच्या प्रशासनाशी व लेहच्या स्वायत्त परिषदेशी करार केला, एक मेगावॅटचा पहिला टप्पा जाहीर झाला आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये विहिरीतील द्रव पुग्याच्या ओढ्यात वाहिल्याच्या बातम्या आल्या. ते खोरे रिकामे नाही. चांगपा पशुपालकांची तेथे चराई आहे. त्यांच्या पश्मिना शेळ्या त्याच परिसरातील पाण्यावर जगतात. केनियातही ओल्कारियाच्या चौथ्या केंद्रासाठी २०१४ मध्ये मासाई कुटुंबांना हलविण्यात आले. जागतिक बँकेकडे तक्रारी गेल्या आणि पुनर्वसनात बँकेच्याच नियमांचे नीट पालन झाले नव्हते, असे तिच्या तपासणी मंडळाला नोंदवावे लागले. ज्याची वीज दिल्लीला किंवा नैरोबीला जाते आणि ज्याचा ओढा गढूळ होतो, ती दोन माणसे एक नसतात. म्हणून मराठी मासिकांतून केनियाचे गुणगान करताना मासाईंचा परिच्छेद गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

झऱ्यांच्या काठी ज्यांची श्रद्धा आहे त्यांचाही हक्क आहे. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथे १९५८ मध्ये भूऔष्णिक केंद्र उभे राहिले आणि काही वर्षांत शेजारच्या खोऱ्यातील उष्णोदकाची कारंजी विझली. रोटोरुआ शहरात घरोघर पाडलेल्या विहिरींमुळे तेथील प्रसिद्ध कारंजे मंदावू लागले, तेव्हा १९८० च्या दशकात सरकारने जवळच्या विहिरी सक्तीने बंद केल्या. वज्रेश्वरीच्या किंवा राजापूरच्या उन्हाळ्याच्या कुंडाशेजारी उद्या कोणी यंत्र आणून उभे केले, तर ‘आमचे कुंड आटेल काय?’ हा गावकऱ्यांचा प्रश्न अडाणीपणाचा ठरत नाही. तो भूजलशास्त्राचा अत्यंत रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर यंत्र चालू होण्यापूर्वी, मराठीत, लेखी मिळाले पाहिजे.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने भूऔष्णिक ऊर्जेचे पहिले राष्ट्रीय धोरण जाहीर केले. उष्णतेच्या थेट वापराचा व निरुपयोगी तेलविहिरींच्या पुनर्वापराचा त्यात विचार आहे, ही समाधानाची बाब. गुजरातेतील तेलक्षेत्रांच्या पोटात उष्णता सरासरीहून अधिक आहे आणि तेथे विहिरी आधीच पाडलेल्या आहेत. तेव्हा पहिली परीक्षा कोठे घ्यावी याचा शोध फार लांब घ्यावा लागणार नाही. परंतु धोरण हा कागद आहे, आणि कागदांची आपल्याला कधी वाण नव्हती. १९६८ चा अहवाल होता, १९९१ चा नकाशासंग्रह होता.

म्हणून या धोरणाचा हिशेब मेगावॅटच्या उद्दिष्टांनी मागू नये, मीटरांनी मागावा. पहिल्या पाच वर्षांत किती विहिरी दीड-दोन किलोमीटरांच्या खाली गेल्या, प्रत्येकीत तळाशी तापमान किती मिळाले, पाणी किती आले, किती विहिरी कोरड्या निघाल्या, हे दरवर्षी जाहीर व्हावे. कोरड्या विहिरींची नोंद तर आवर्जून व्हावी, कारण अनुदानाच्या पैशांतून मिळालेले अपयशाचे ज्ञानही जनतेच्या मालकीचे असते आणि ते लपविले की पुढचा माणूस त्याच ठिकाणी पुन्हा भोक पाडतो. पहिल्या विहिरींची जोखीम सरकारने घ्यावी. पण फिलिपीन्समध्ये जनतेच्या पैशाने वाढलेली सरकारी कंपनी २००७ मध्ये खाजगी हाती गेली, हेही विसरू नये. जोखीम जर जनतेची असेल तर वाफ सापडल्यानंतरच्या नफ्यातही जनतेचा, आणि त्यातही त्या खोऱ्यातील माणसांचा, लेखी वाटा असला पाहिजे. आणि जेथे उष्णता विजेस पुरेशी नाही तेथे उष्णताच वापरावी, त्याला कमीपणा मानू नये.

वेध घेतल्यावर कदाचित असे निघेल की पुग्यात शे-दोनशे मेगावॅट आहेत आणि बाकी देशात जवळजवळ काही नाही. निघू दे. गरीब देशाला चुकीच्या विहिरीचा खर्च परवडतो; पिढ्यान्पिढ्या उराशी बाळगलेला, कधीच न तपासलेला आकडा परवडत नाही. तोवर १०,६०० हा आकडा लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्याच्यापुढे कंसात तीन अक्षरे लिहावीत, म्हणजे वाचकाची फसगत होणार नाही: ‘अंदाज’.